रोग्याचं सोंग

आर. के. पुरम, नवी दिल्ली
४ ऑगस्ट २०२४

ती. अहिल्याताईस,
भाऊचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितो, आणि माझ्या हातांना काही काम हवं म्हणूनही. मिरजेच्या प्रयोगात मी वाक्यं विसरलो आणि अनुराग मला इथे घेऊन आला, त्याला वर्ष होईल. तो ऑफिसला गेला की मी या खोलीतून त्या खोलीत. पहाडगंजच्या मराठी शाळेत जाऊन मुलांचं नाटक बसवू का विचारलं, तर परीक्षा होऊ द्या म्हणाले.

आता काम मिळालंय, हसू नकोस. एका मेडिकल कॉलेजात रोग्याचं सोंग करतो. शिकाऊ डॉक्टर तपासतात, मी कण्हतो. पाठांतर नाही, नुसता आजार समजून घ्यायचा. परवा अपेंडिक्स इतकं रंगलं की एक मुलगी घाबरून पाणी आणायला धावली. अनुरागला हे बिलकूल आवडत नाही. बाबा, आयुष्यभर रंगमंचावर मेलात ते पुरे, म्हणतो.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

सांगली
१२ ऑगस्ट

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

अपेंडिक्सचं वाचून पोट धरून हसले. अण्णा असते तर म्हणाले असते, कण्हलास ते ठीक, पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं का?

दिवाळीनंतर आजोबांचं नाटक पुन्हा उभं करतेय. त्यातला म्हातारा सरदार आजोबांनी केला, अण्णांनी केला, तू केलास. दुसऱ्या कुणाला द्यायला मन होत नाही. वाक्यांची काळजी नको, विंगेत मी बसेन. अनुरागशी बोलून कळव. मागे धाप लागते म्हणाला होतास, ती खरी की सोंगातली, तेही लिही.

दोघांची वाट पाहणारी,
ताई

नवी दिल्ली
२ सप्टेंबर

ती. अहिल्याआत्यास सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू गेलं, म्हणून बाबांऐवजी मी लिहितोय. ते आता बरे आहेत.

बुधवारी त्यांच्याकडे छातीत दुखणाऱ्या माणसाचं काम होतं. शिवांगी नावाच्या विद्यार्थिनीने नाडी धरली आणि ती मध्येच थांबली. नाडी खरोखर चुकत होती. बाबा उलट चिडले, की पोरगी भूमिका सोडून बोलते. तिने ऐकलं नाही, सरांना बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

त्याआधी डॉक्टरांनी नेमकं काय होतं विचारलं, तर बाबांना सांगताच येईना. पोरांसमोर तासभर कण्हणारा माणूस माझी बाही धरून बसून होता. शेवटी मीच सांगितलं, की जिन्यात थांबतात, झोपेतून उठून बसतात. भीती वाटली, आत्या.

नाटक नको, असं तुला कळवायचं मी ठरवलं होतं. पण काल बाबाच म्हणाले, सरदार दुसऱ्याला द्यायला सांग. जन्म विंगेत गेला, घरचं नाटक समोर बसून कधी पाहिलंच नाही, ते एकदा बघायचंय. खरं तर मीही पाहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर प्रवासाला हरकत नाही.

तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या ठेव. कडेची मला दे. सरदाराची एंट्री आली आणि ते उठून आत निघाले, तर वाटेत मी असेन.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
तुझा अनुराग