न तोडलेल्या काकड्या

प्रिय आई,

"त्यांनी मला बोलावलंय का गं?" असं तू गेल्या आठवड्यात फोनवर विचारलंस आणि मी ताईच्या बाळाच्या खोकल्याची चौकशी करत बसले. खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. बाबांनी तुला बोलावलेलं नाही. पण बोलावलेलं नाहीच, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आपला फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि बाबा मागच्या पायरीवर कान टवकारून बसलेले. म्हणून तेव्हा विषय बदलला. आता सविस्तर लिहिते.

बाग यंदा बघत राहावी अशी झाली आहे. कुंपणापाशी सूर्यफुलं माझ्या डोक्यावर गेलीत. झिनियाचा गोल वाफा इतका फुललाय की विहिरीच्या रंगवलेल्या कठड्यासारखा दिसतो, मधली माती दिसतच नाही. टोमॅटोच्या काठ्यांना बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्यात, खोडाला काचू नये म्हणून. गॅरेज सुटलं तरी मेकॅनिकचा हात सुटत नाही. सकाळी चहाच्या आधी ते रंगाचा बारका ब्रश घेऊन भोपळ्याच्या नरफुलातला पराग मादीफुलाला लावतात. मधमाश्यांच्या कामावर त्यांचा भरवसा नाही. परवा शेजारच्या नर्सकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, भोपळ्यांची लग्नं बरी जमवताय! स्वतःच्या संसाराचं काय?" बाबा हसले, ब्रश धुतला आणि आत आले. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

एवढं पिकतंय, पण तोडत कुणी नाही. काकड्या वेलावरच पिवळ्या पडून फुगल्यात, काकू विचारतात, "काकड्या आहेत की उशा?" भेंडी जून होऊन काठीसारखी झालीय. घेवड्याच्या शेंगा वाळल्या, वारा आला की खुळखुळतात. एकदा मी सुरी आणि टोपली घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे. तोडायचं काम तुझ्या आईचं." लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कच्चे टोमॅटो तोडून आणले होते आणि तू चिडून म्हणाली होतीस, "लावायचं तुम्ही, तोडायचं मी. परत हात लावाल तर याद राखा!" ही गोष्ट तू आम्हाला हसत हसत कितीदा तरी सांगितलीस. मला वाटायचं, घरात एखादी जुनी गंमत असते तशी ही. बाबांनी तिचा कायदा केला. परसात काकड्या कुजताहेत आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून काकड्या विकत आणतो. बाबा त्या मीठ लावून निमूट खातात. वर म्हणतात, "आपल्यासारखी चव नाही."

तू निघालीस ती दुपार मला नीट आठवते. बॅग दारात ठेवून तू म्हणालीस, "मी नसले म्हणून इथं कुणाचं काय अडणार आहे?" बाबा नळाचा वायसर बदलत होते. त्यांनी नळ सोडून पाहिला. तू ताईच्या बाळंतपणासाठी गेलीस, ते ठीकच. पण बाळ आता बसायला लागलं, ताई म्हणते पाळणाघरही मिळालंय, आणि तरी तू बॅग काढत नाहीस. घरी काय अडलंय ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. ते तोंडानं सांगणं मात्र बाबांना जमणार नाही, आणि सांगितल्याशिवाय यायचं नाही हे तू ठरवून टाकलंयस. दोघांपैकी कोण चुकतंय ते मी शोधत नाही. दोघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वीजबिलापासून डॉक्टरच्या अक्षरापर्यंत सगळं माझ्याकडे, आणि तुमचे निरोपही. "तुझ्या आईला सांग." "तुझ्या बाबांना विचार." मला याचा अभिमान वाटायचा. शिकलेल्या माणसानं घरात पूल व्हावं, असं मी मनापासून मानत आले. पण या उन्हाळ्यात त्या पायरीवर बसून सूर्यफुलांकडे बघताना लक्षात आलं की पुलावरून नुसते निरोपच ये-जा करतात. माणसं आपापल्या काठावर बसून राहतात, कारण पूल आहे ना!

लांबच्या गावातल्या एका शाळेनं मला विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. तुला हे कुणीच सांगितलेलं नाही. सांगणारी मीच होते. बाबांना सांगितलं तेव्हा ते "जा" म्हणाले नाहीत, "नको" म्हणाले नाहीत. ट्यूबची पट्टी कापता कापता त्यांनी विचारलं, "मग फोन कोण उचलणार?" मी म्हटलं, "तुम्ही." हे पत्र त्यासाठीच आहे, आई. यापुढे तू फोन केलास की पलीकडे बाबा असतील. आधी काही बोलणार नाहीत, पण म्हणून ठेवून देऊ नकोस. तुला विचारायचंय ते त्यांनाच विचार. मी सोमवारी इथं, त्या शाळेत, रुजू झाले.

तुझीच,
धाकटी