सात मिनिटांची लाट

२ फेब्रुवारी, मंगळवार
सापडली! शंभर किलोमीटर वर, ध्रुवावर जिथे ध्रुवीय प्रकाश दिसतो त्या उंचीवर, लाट. रडारचा प्रतिध्वनी दर सात मिनिटांनी फुगतो, ओसरतो. घड्याळ लावून घ्यावं! बायकोला भावाकडे जाऊन आज अकरा दिवस. घरात शांतता. कामाला उत्तम. काही वाटत नाही.

४ फेब्रुवारी
लाट रोज सकाळी नऊला सुरू, पाचला बंद. सूर्याशी संबंध उघड आहे. लाटेला माझं आडनाव द्यावं, पण ते मी सुचवणं बरं दिसणार नाही. टेक्निशियनला हिंट दिली. तो हीटरपाशी हात शेकत होता. बघू म्हणाला.

५ फेब्रुवारी
बायकोचा फोन. रविवारी जेवायला ये, समोरासमोर बोलू, म्हणाली. नाही आलास तर मी समजायचं ते समजेन. आवाज चढवला नाही. नक्की येतो म्हटलं.
संकल्प : जेवताना लाटेबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
स. ९.०० रडारच्या केबिनमध्ये, फक्त अर्धा तास. रविवारचा डेटा नसेल तर परीक्षक नाक मुरडतील. टेक्निशियनला सुट्टी. मरणाचा गारठा. कोट, टोपी, वर टेबलक्लॉथ.
११.४० लाट नाही. येईल.
२.१५ फोन दोनदा वाजला. बोटं गारठलेली, उचलला नाही. ती समजून घेईल.
५.०० नाहीच आली. सूर्यही रविवार पाळतो की काय? एकाचे दोन पेपर होतील.

८ फेब्रुवारी
९.०५ टेक्निशियन आला. ९.१२ लाट आली. डोळे भरून आले. काल हीटर का नाही लावलात, असं त्याने विचारलं. इथे विश्व उलगडतंय आणि याला हीटर!

९ फेब्रुवारी
टेक्निशियनने हीटर बंद केला. लाट गेली. लावला. आली. तीनदा करून दाखवलं. हीटर दर सात मिनिटांनी आपोआप चालू होतो, तेव्हा रिसीव्हरची वीज दबते. सर, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, म्हणाला. डोंगर पोखरून हीटर काढला.
बायकोला फोन केला. मेहुण्याने उचलला. ती बोलणार नाही म्हणाला. शनिवारी तिचं सामान न्यायला टेम्पो येईल, घरी थांबा.
थांबेन म्हटलं.

१० फेब्रुवारी, सं. ५.१०
काही वाटत नाही. टेक्निशियन निघताना हीटर बंद करायला गेला. राहू दे म्हटलं. सर, ती लाट खोटी आहे, म्हणाला. म्हटलं, असू दे. वेळेवर येते तरी. मी रविवारी गेलो नाही.
तो जिना उतरून गेला. पुढची ५.१७ ला.