माशावरचं दूध

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून तुमच्या संस्थेच्या त्या अध्यक्षांवर चिडलेलीच आहे. तुझ्या शोकसभेत ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाईंना समाजकार्याची फार हौस होती." हौस! हौस नाटकांची असते, लोणची घालण्याची असते. मी तिथल्या तिथे उठून बोलणार होते, पण बाबांनी माझा हात दाबून धरला. तो राग कुठे ठेवू ते अजून कळत नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. संस्थेने कोळीवाड्यात दूधकेंद्र उघडलं होतं. परदेशातून आलेली दुधाची भुकटी, तिचं दूध करून लहान मुलांना फुकट द्यायचं, आणि तेही तिथंच पाजायचं, घरी न्यायला बंदी. शाळेला सुट्टी म्हणून तू मला अंधेरीहून बरोबर नेलं आहेस. भर दुपार. पातेलं भरलेलं आहे आणि समोर कोणी नाही. कमिटीची मंडळी सांताक्रूझहून मोटारीने आलेली, घामाघूम. अध्यक्ष म्हणतात, "या लोकांना कदरच नाही. महिनाअखेर केंद्र बंद करू." दाराशी मुलं उभी आहेत, काटकुळे हातपाय आणि पुढे आलेली पोटं. तू एका बाईला विचारतेस, का गं पाजत नाहीस? ती उखडते. "आताच म्हावरा जेवलीत पोरं. त्यावर दूध? आंगावर कोड फुटल ना बाय!"

तू कपाळावर हात मारलास. अख्ख्या कमिटीत मासे खाणारी तू एकटी, आणि तुझ्याही ध्यानात आलं नव्हतं! आपल्या घरी माशाच्या जेवणावर ताकसुद्धा चालायचं नाही. तू अध्यक्षांना म्हणालीस, "वेळ बदला. सकाळी, बायका टोपल्या घेऊन बाजाराला निघायच्या आत."

"म्हणजे आता त्यांचे लाड करायचे? दूध फुकट आहे, बाई."

"फुकट आहे म्हणून काय नाक दाबून पाजायचं? उद्या तुमच्या पानात बांगडा वाढला, फुकट, तर खाल?"

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वेळ बदलली, पण इतक्या सकाळी यायला कमिटीतलं कोणी तयार होईना. मग तूच. परत येताना मी विचारलं होतं, तुला त्यांची एवढी दया येते का गं? तू फणकारलीस, "दया कसली? राग येतो मला. दूध आहे, मुलं आहेत, आणि मध्ये या शहाण्यांचं घड्याळ!"

केंद्र चाललं. मुलं यायला लागली, पोटं बसली, गालांवर थोडं मांस आलं. तुझ्या मनगटांवर मात्र उकळत्या दुधाचे चट्टे कायमचे राहिले. बाबा शेजाऱ्यांना ऐकवायचे, "आमच्याकडे समाजसेविका आहेत, चहा तेवढा मिळत नाही." आणि समारंभाच्या दिवशी पेला हातात धरून फोटोत उभे राहिले कोण? अध्यक्ष. तू मागे पातेली घासत होतीस. हौस म्हणे!

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण शेवटी लिहायचं ते वेगळंच आहे. अध्यक्षांवर रागावणं सोपं पडतं. सकाळी मी उठायचे तेव्हा तू गेलेली असायचीस, माझं दूध झाकून ठेवलेलं, साय धरलेलं. त्या सुट्टीत हट्टाने मी सकाळीही तुझ्याबरोबर आले होते, तेव्हा पाहिलं, पेला देताना तू एकेका पोराच्या तोंडाकडे, त्याचा शेवटचा घोट होईपर्यंत बघत होतीस. मला त्या रांगेत उभं राहायचं होतं, आई.