भरलेला हौद आणि मॅनेज

मंगळवार, दिवेलागण

बीडहून साहेब सोसायटीची चारा छावणी बघायला येणार, म्हणून चेअरमननं सकाळीच हौद काठोकाठ भरला आणि एकाही जनावराला तोंड लावू दिलं नाही. हौद भरलेला दिसायला पाहिजे ना! मी म्हणालो, "अहो, माझी गाय लई तहानलीय." तर म्हणे, "गुरुजी, तुमी नुसतं दावं धरा. बाकीचं मी मॅनेज करतो."

दुपारी साहेब आले, हौदाचा फोटो काढून गेले.

मॅनेज! घरी येऊन डिक्शनरी उघडली. शब्द मूळचा इटालियन, अर्थ घोडा हाताळणं. जनावर कळणाऱ्या माणसाचं क्रियापद, आणि वापरतो कोण? ज्यानं जन्मात शेण उचललं नाही, तो.

पण हौदाकडे ओढ घेणाऱ्या गायीला दुपारपर्यंत आवरून कुणी धरलं? अर्थ शोधणाऱ्या या शहाण्यानं. दाव्याचा वळ अजून तळहातावर आहे.