वळसा घालणारी रेष

४ फेब्रुवारी

दादा नाहीच म्हणाला! "माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, चिमणे. सांगून ठेवतो."

बरं बाबा. पण बघवत नाही. लहानपणी ज्या यंत्रासाठी आम्ही दोघं झिंज्या ओढून भांडलो, त्याच्या आतली बॅटरी पाझरली आहे. बोर्डावरच्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून झडताहेत. चिप्स शाबूत, पण त्यांना बसायला जागा नाही! नवा बोर्ड मिळणार कुठून? कंपनी छोटी, आली तशी गेली. या मॉडेलचं नावही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे जुन्याची नक्कलच करावी लागणार. त्यासाठी जुन्यावरचं सगळं उतरवून तो उघडा करायचा. एकदा केलं की मागे फिरणं नाही.

७ फेब्रुवारी

दादा स्वतःच कॉम्प्युटरचा डबा घेऊन दारात! "तुझी वहिनी म्हणते, तसाही तो मेलेलाच आहे. घे. पण माझ्यासमोर काही करू नकोस." चहासुद्धा न घेता गेला.

१५ फेब्रुवारी

बोर्ड उघडा झाला. एकेक भाग सोडवायला आठवडा लागला — दुकानात दिवसभर श्रवणयंत्रं दुरुस्त करते, केसाएवढ्या तारा जोडते, तरी! दोन्ही बाजू स्कॅन केल्या. आता एकेक रेष नव्यानं काढायची. जिथे गंजानं खाल्लंय तिथे मीटर लावून, अंदाजानं.

नवरा डोकावला. "मिक्सर बंद पडलाय, त्याचं कधी मनावर घेणार?"

मिक्सर बाजारात मिळतो, म्हटलं.

२ मार्च

कोण असेल हा माणूस? या रेषा हातानं काढल्यात — पारदर्शक कागदावर काळी टेप चिकटवून. वळणं गोलसर, मऊ. एका जागी दोन रेषांना वाट द्यायला तिसरी जरा अंग चोरते, जिन्यात समोरून कुणी आलं की आपण चोरतो तसं. स्वस्तातला बोर्ड, पण कुठेही घुसमट नाही. बघतच बसावं!

एकच रेष कळत नाही. ठोक्यांची — जिच्या तालावर सगळ्या चिप्स चालतात ती. सरळ यायचं सोडून बोर्डाच्या कडेकडेनं केवढा वळसा घालून येते. डुलकी लागली असेल बिचाऱ्याला. मी सरळ करून टाकली.

२४ मार्च

माझ्या रेषांवरून कारखान्यानं केलेले नवे बोर्ड आले. हिरवेगार, गुळगुळीत! एकावर सगळे भाग बसवले. चालू केला — पडदा उजळला, अक्षरं आली! आणि अक्षरांवरून तिरके पट्टे वाहू लागले. काही वाचता येईना.

दादाला कळवलं नाही.

२५ मार्च

पट्टेच.

२९ मार्च

माझाच अतिशहाणपणा! मी सरळ केलेली रेष नेमकी चित्र तयार करणाऱ्या भागाखालून जाते. ठोक्यांची कुरकुर चित्रात उतरते. म्हणून तर तो वळसा! डुलकी कसली, सगळं आधी ओळखून केलेलं. कान पकडले. माझी रेष तोडली, कडेकडेनं, जुन्याच वाटेनं तार फिरवली — पट्टे गायब! लख्ख पडदा!

मी आनंदानं ओरडले. आतून नवरा: "मिक्सर लागला?"

१८ एप्रिल

वळशासकट नवा बोर्ड करून घेतला. आज तो दादाच्या घरी, दादाच्या डब्यात बसवला. दादानं खुर्ची ओढली, जुना खेळ लावला. "सरक, आधी मी!" पन्नाशी उलटलेला माणूस! हरला, वर चिडला. वहिनी म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते हे."

निघताना दादा हळूच म्हणाला, "मूळ बोर्ड ज्यानं काढला, त्याला कळवायला हवं, नाही का?"

२७ एप्रिल

दादानं दुकानदाराला शोधून काढलं! ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता, त्यालाच. तो म्हणे, "बोर्ड एका मुलीनं काढला होता. नुकतीच शिकून आलेली, पहिलीच नोकरी. मशीन बाजारात यायच्या आधीच तिथून गेली ती."

पहिलीच नोकरी! आणि ही नजर! मी आपली मुरलेला कुणीतरी इंजिनियर डोळ्यांसमोर धरून बसले होते. तिच्यासोबत काम केलेल्या एकाचा पत्ता दुकानदारानं दिलाय. तो नंबर देईल बहुतेक.

३ मे

फोन लागला. बाईंचं पडदे शिवायचं दुकान आहे. मी एका दमात सगळं सांगितलं — वळसा, पट्टे, दादाचा खेळ. पलीकडे नुसती शिलाई मशीनची घरघर. मग तीही थांबली.

"थांबा. तो बोर्ड चालायचा?"

"चालायचा म्हणजे काय! वर्षानुवर्षं—"

"मला सांगितलं, नापास झाला. सगळे भंगारात टाकले. म्हणून तर काढलं मला." पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज. "त्यानंतर त्या कामाकडे फिरकले नाही मी."

मी समोरच्या जुन्या उघड्या बोर्डावर, त्या वळशावर बोट ठेवलं.

"चालायचा ना? नक्की?"