नानांची न लागणारी झोप

इंदूर,
होळी चार दिवसांवर.

चि. सौ. बेबी हिला ताईचे पोटभर आशीर्वाद. (दोन सुनांच्या सासूला ‘बेबी’ लिहिताना हात अडखळतो, पण ‘शशिकला’ लिहिलं तर ताई रागावली असं तुला वाटेल.) तुझी कंबर कशी आहे? रघुवीररावांचा दमा ग्वाल्हेरच्या थंडीत वर आला नाही ना? इकडे सगळं ठीक आहे. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता जे ठीक नाही ते सांगते.

तू पाठवलेली ब्राह्मीच्या तेलाची बाटली पोचली. बाटली शाबूत होती, नुसतं बूच सुटलं होतं, त्यामुळे सगळं तेल सोबतच्या डिंकाच्या लाडवांनी पिऊन टाकलं. टाकवेनात म्हणून नानांनी ते औषध समजून खाल्ले आणि त्या रात्री गाढ झोपले. सकाळी अर्थात म्हणाले, “डोळ्याला डोळा नाही. घड्याळाचे सगळे ठोके मोजले.” आमचं घड्याळ दसऱ्यापासून बंद आहे. (नाना म्हणजे हे. नाव घ्यायची मला सवय नाही, आणि नुसतं ‘हे’ नि ‘ते’ लिहिलं तर तू गोंधळशील. गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून या पत्रापुरतं मीही म्हणते.)

नानांच्या निद्रानाशाची कीर्ती तुझ्यापर्यंत पोचली आहेच, पण तो सुरू कसा झाला ते तुला ठाऊक नाही. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला आणि महाराजांच्या खासगीच्या कचेरीतल्या चाव्यांचा जुडगा नानांनी नव्या साहेबांच्या हातात दिला, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पुढे काही महिने खरंच लागली नाही. मग लोक विचारपूस करायला येऊ लागले. संस्थान गेलं त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण ते सगळ्यांचंच गेलं होतं. झोप मात्र एकट्या नानांची गेली होती. राजवाड्यापासून आमच्या गल्लीपर्यंत चालत येऊन माणसं विचारायची, “काय नानासाहेब, काल लागला का डोळा?” आणि नाना पाठ ताठ करून, कचेरीत अर्जदाराला नकार द्यावा तशा गंभीरपणे सांगायचे, “नाही.”

नंतर त्यांची झोप परत आली. पण आल्याची वर्दी तिने त्यांना दिली नाही. ते दहाला आडवे होतात आणि थोड्याच वेळात असे घोरू लागतात की कोनाड्यातली फुलपात्रं एकमेकांशी बोलतात. हे मला कसं ठाऊक, असं विचारशील. बेबी, त्यांची झोप परत आली त्याच सुमाराला माझी गेली. तुमच्या मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाते, पण उन्हाळ्यात फायलींसकट इंदुरास परत तरी येते. माझी झोप तिकडेच राहिलेली दिसते. कुठे सापडली तर रघुवीररावांच्या सरकारी दप्तरात बांधून पाठव.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. एका घरात निद्रानाश एकच शोभतो, आणि तो ज्याच्याकडे आधी आला त्याचा. शिवाय बाईमाणूस रात्री जागं असलं तर त्यात सांगण्यासारखं काय? पहिल्यांदा बाळ रडतं म्हणून जागायचं, मग सासूबाईंना ढास लागते म्हणून जागायचं, आणि आता कुणी उठवत नाही तर आपली आपणच. मी काय करते सांगू? सासूबाईंना तीस वर्षांपूर्वी न दिलेली उत्तरं देते. आता इतकी चोख देते की त्या असत्या तर निरुत्तर झाल्या असत्या. मग त्या निरुत्तर झालेल्या दिसतात, आणि मला त्यांची दया येते, आणि मी सगळी उत्तरं परत घेते. यात दोन वाजतात.

उपाय म्हणशील तर सगळे झाले, म्हणजे नानांवर झाले. खसखशीची खीर झाली. दुधात जायफळ झालं. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं तर रोजचंच. हा उपाय अक्सीर आहे. पाचसहा वेळा वाटी फिरली की नाना घोरू लागतात. मी मात्र आणखी थोडा वेळ घासत राहते, न जाणो मध्येच थांबले तर उठतील. शेजारचे जयसिंगराव (होळकरांच्या रिसाल्यात होते, आता घोडा नाही पण चाल तीच आहे) म्हणाले, “भाभीजी, नींद का क्या है, तिला बुलावून ती येत नसते. नाना भियांना माझ्याबरोबर रात्रीच्या सराफ्यात खायला पाठवा. गरम दूध, चार जिलब्या, जरा टहलना. मग बघा.” दोघं तीन रात्री सराफ्यात जाऊन आले. नाना जिलब्या खाऊन शांत पडले आणि जयसिंगराव अजीर्णाने रात्रभर आमच्या भिंतीपलीकडे येरझारा घालत होते. त्यांना सोबत म्हणून अलीकडून मी जागी होते, पण ते त्यांना कुठे माहीत.

आता खरी भानगड ऐक. दिवाळीच्या आधी जयसिंगरावांना पहाटे चारच्या गाडीने खंडव्याला जायचं होतं. ते सहज म्हणाले, “नाना भिया, तुम्ही तर जागेच असता. जरा एक हाक मारा ना.” बेबी, तेव्हाचा नानांचा चेहरा तू बघायला हवा होतास. चाव्या दिल्यानंतर पहिल्यांदा त्यांना कुणी काम सांगत होतं. त्यांनी संध्याकाळीच काठी दाराशी लावून ठेवली, खासगीतला पितळी बटणांचा लोकरीचा कोट खुंटीवर काढून ठेवला, आणि दहाला बाजेवर टेकून घोरू लागले.

मी वाट पाहिली. दूरच्या गिरणीचा तीनचा भोंगा ऐकू आला, म्हणजे गाडीची वेळ जवळ आली. उठवावं तर ‘तुम्ही झोपला होतात’ असं तोंडावर सांगितल्यासारखं होणार. शेवटी मीच तो कोट अंगात घातला, डोक्याला मफलर गुंडाळला, काठी घेतली, आणि जयसिंगरावांच्या दारावर दोनदा आपटून नानांसारखी खाकरले. आतून आवाज आला, “उठलो नाना भिया, उठलो. मेहरबानी.” सकाळी जयसिंगरावांच्या घरून नानांचे आभार मानले गेले, तेव्हा नाना म्हणाले, “त्यात काय? मी जागाच होतो.” इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं, मी गेले होते ते स्वप्न असावं. (मग आठवलं, स्वप्न पडायला झोप लागते.)

झालं. सगळ्या गल्लीला कळलं की नाना उठवतात. कुणाची उज्जैनची गाडी, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाला आईला औषध द्यायचं असतं. पलीकडची मंगला तर पापड गच्चीवर वाळत घालून म्हणाली, “नाना, रात्री जरा मांजराकडे लक्ष असू द्या.” थंडीचे दिवस, मी कोट घालून मांजरं हाकलते आहे, आणि घरात या गल्लीचे पहारेकरी घोरताहेत. एकदा सराफ्याहून उशिरा परतणारे जयसिंगराव समोरूनच आले. मी मफलर नाकावर ओढला. ते थांबले, मला मुजरा केला, आणि हळूच म्हणाले, “नाना भिया, एक बात सांगू? बुरा नका मानू. भाभीजी आजकल दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात. परवा भाजी निवडता निवडता पातेल्यात कपाळ टेकलं. तुमच्या जागण्याचा त्रास त्यांना होतो आहे. त्यांचं जरा बघा.” मी खाकरले. दुसरं काय करणार?

तरी खरं सांगते, मला ते दिवस आवडत होते. नाना दुपारी ओट्यावर बसून आजच्या रात्री कुणाकुणाला उठवायचं ते मोठ्याने ठरवायचे. दाढी रोज होऊ लागली. जेवताना मीठ कमी आहे असं बऱ्याच वर्षांनी म्हणाले. माझी झोप गेली तर गेली, निदान ती कुठेतरी उपयोगी पडते आहे, असं वाटायचं.

आणि मग शिवरात्र आली. गल्लीच्या टोकाच्या महादेवाच्या देवळात रात्री उशिरापर्यंत भजन. सगळं गाव त्या रात्री पुण्यासाठी जागतं, आणि मी, जी वर्षानुवर्षं फुकट जागते आहे, ती खांबाला टेकले काय आणि झोपले काय! भजन कधी संपलं, बायका कधी उठून गेल्या, काही कळलं नाही. पहाटेच्या घंटेने जाग आली तेव्हा उजाडलं होतं. आणि त्याच रात्री जयसिंगरावांना भाचीच्या साखरपुड्यासाठी चारच्या गाडीने जायचं होतं. ते ‘नाना भिया आहेतच’ म्हणून निर्धास्त झोपले होते. मी धावत घरी आले तर नाना बाजेवर घोरताहेत.

जयसिंगराव भांडायला येतील म्हणून मी दाराशीच उभी राहिले. ते आले ते पेढे घेऊन! “मुबारक हो भाभीजी! गाडी गेली तर गेली, नाना भियांना झोप लागली!” मागोमाग गल्ली आली. मंगलाने दृष्ट काढली. मला वाटलं, नाना आता म्हणतील, ‘छे, मी जागाच होतो, हाक मारली, तुम्हीच उठला नाहीत.’ बेबी, ते तसं म्हणाले नाहीत. ते खाली बघून म्हणाले, “हो. लागला डोळा.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चाव्या देतानासुद्धा त्यांचा आवाज असा नव्हता.

त्यानंतर त्यांना कुणी काम सांगत नाही. सगळ्यांना त्यांची झोप जपायची आहे. जयसिंगरावांनी गजराचं घड्याळ आणलं आहे. ते वाजलं की एका गाडीसाठी सबंध गल्ली उठते. नाना ओट्यावर बसतात, पण पाठ टेकून. कुणी “काल लागला का डोळा?” म्हणून विचारत नाही. तो प्रश्नही गेला. खासगी गेली तेव्हा निदान झोप जायची तरी राहिली होती. आता काय जाणार?

असो. उगाच वाहवत गेले. मागणं काही नाही, सहज लिहिलं. मुलांना आशीर्वाद, सुनांना जास्त.

तुझी,
ताई

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. एप्रिलात राजधानी इकडे येईल तेव्हा रघुवीररावांना सरकारी बिऱ्हाडात न उतरवता आमच्याकडे उतरव. त्यांनी आल्या आल्या नानांना म्हणावं, “मला पहाटे चारची गाडी आहे, गजरावर माझा भरवसा नाही, तुम्हीच उठवा.” सगळ्यांदेखत, ओट्यावर, मोठ्याने म्हणावं. गाडी खोटी असली तरी चालेल.

आणखी ता. क. हे वाचून फाडून टाक. नाना स्वतःच पत्र पोस्टात टाकायला निघाले आहेत, म्हणून पाकीट दुप्पट खळ लावून चिकटवते आहे.

चि. सौ. शशिकलाबाई यांस दत्तोपंताचे (वरील मजकुरातला नाना तो मीच) आशीर्वाद. खळ दुप्पट असल्याने वाळली नाही आणि पाकीट पोस्टाच्या दारात आपोआप उघडलं. पत्र मी वाचलेलं नाही. पण पानं पुन्हा घडी करताना जेवढं नजरेस पडलं, त्यात काही दुरुस्त्या पोस्टातल्या या टाकाने कराव्या लागत आहेत. मी घोरतो हे बरोबर आहे, पण जागेपणी घोरतो. न घोरलं तर आपली ताई काशाची वाटी खाली ठेवत नाही, आणि हल्ली तिचं मनगट दुखतं. ती पहिल्यांदा माझा कोट घालून बाहेर पडली तेव्हा मला वाटलं, ही झोपेत चालते. झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात, म्हणून मागोमाग गेलो. ती नेमकी जयसिंगरावांच्याच दारावर थांबली तेव्हा उलगडा झाला. पुढेही प्रत्येक वेळी गेलो, कारण गल्लीतलं कुत्रं मोकळं असतं. (खाकरणं ती फार लांबवते. मी इतका खाकरत नाही.)

शिवरात्रीस मी झोपलो नव्हतो. भजन थांबलं तरी ती आली नाही म्हणून देवळात गेलो. खांबाला टेकून झोपली होती, तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. तिला असं झोपलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पुजारी पहाटेची घंटा वाजवायला निघाला होता, त्याला पायरीवर बसवून बोलण्यात गुंतवला. गाडीची वेळ मला कळत होती. पण मी उठलो असतो तर त्याने घंटा वाजवली असती. उजाडल्यावर त्याला सोडला आणि तिच्या आधी घरी येऊन पडलो. जयसिंगरावांना मग डोळा लागला असंच सांगावं लागलं. दुसरं सांगितलं असतं तर तिचं सगळं उघडं पडलं असतं.

गजराचं घड्याळ आल्यापासून ती रात्री बाहेर पडत नाही. नुसती कूस बदलत राहते, आणि मला सकाळपर्यंत घोरावं लागतं. चालून आली की पहाटे तिचा थोडा तरी डोळा लागायचा. सबब वरील मागणीस माझा दुजोरा आहे. हे तिला कळवू नये. रघुवीररावांनी एप्रिलात जरूर यावं, आणि चारच्या गाडीचं नक्की करावं. गाडी कुठली ते त्यांचं त्यांनी ठरवावं. उठवायला मी आहेच.