कागदावरचा जोएल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पाचवी प्रिंटही वाया. स्क्रीनवर जोएलचा चेहरा गव्हाळ, कागदावर विटकरी. कोट तेवढा काळाच आला — उपकार!

दयाला खुर्चीत बसवलं, मी मागे उभा राहिलो. स्क्रीनकडे बघून लगेच, "जोएल, आलास व्हय?" कागद हातात दिला तर, "हा कोन?" पोटचा पोरगा, आणि हा कोण! त्याला जाऊन तीन वर्षं झाली हे तिला आठवत नाही, ते एक बरंच आहे. मलाही ओळखत नाही. मास्तर म्हणते. म्हणजे गावातलं कुणीतरी.

राहात्याच्या आश्रमात सिस्टरांनी खाट कबूल केलीय. शनिवारी न्यायचं. माझ्याच्यानं आता एकट्यानं होत नाही. तिथं मोबाईल, टॅब चालत नाही, उशाशी एक फोटो चालतो. तो तिला ओळखता यावा. बाकी काही मागणं नाही माझं.

४ नोव्हेंबर

फोटो स्टुडिओत गेलो, कल्याणकडे. माझा विद्यार्थी, गणितात गटांगळ्या खायचा. आज मला शिकवत होता. "सर, स्क्रीनला आतून उजेड असतो, कागदाला कुठला? स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, कागद खिडकीपाशी धरा, मग जुळवा." शिवाय मी प्रिंटरला साधा कागद सांगून आत फोटोपेपर घालत होतो. पस्तीस वर्षं पोरांना कानीकपाळी ओरडलो, आधी प्रश्न नीट वाचा म्हणून.

"इथंच काढून देऊ का?" म्हणाला. नको म्हटलं. मला आमच्या स्क्रीनवरचाच रंग हवा. दयाने तो ओळखलाय.

५ नोव्हेंबर

लाल कमी केला तर आजारी दिसतो. वाढवला तर प्यायलेला. जोएल जन्मात कधी प्यायला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुळला. सतरावी प्रिंट. स्क्रीनशेजारी धरली तर तसूभर फरक नाही. कल्याणला घरी बोलावून दाखवली. तो म्हणाला, "सर, लॅबवालेसुद्धा असं काढत नाहीत." मी चहा केला, दोघांनी घेतला. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

तो गेल्यावर दयाला दिली. तिने कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. "ह्यात कोनी न्हाई." स्क्रीनसमोर बसवली तर — "जोएल."

ओरडलो तिच्यावर. तेच रंग आहेत, बाई, तेच नाक, तेच डोळे! ती रडली. मग कशाला रडतेय तेच विसरली. मी कसा विसरू?

संध्याकाळी एंजेलाचा पुण्याहून फोन. "पप्पा, सोडून द्या आता. मम्मीने फोटो ओळखून काय होणार आहे?" लेकीला काय सांगायचं. माझ्यापासून दया कधीच गेली. निदान पोराजवळ तरी राहावी.

७ नोव्हेंबर

तिची बॅग भरली. फोटो ठेवला, काढला, परत ठेवला. काही उपयोग नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी दुपारची. शेवटचं म्हणून दयाला स्क्रीनसमोर बसवलं, मी मागे. फोटो उघडायच्या आतच लाईट गेली. स्क्रीन काळीठिक्कर. तिच्या काचेत दया, आणि दयाच्या खांद्यामागे मी.

दया हसली. काचेतल्या माझ्याकडे बघून. "जोएल, जेवलास का रं?"

म्हणजे ती फोटो ओळखत नव्हतीच. इतके दिवस ती काचेत मलाच बघत होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी हललो नाही. हललो असतो तर तो गेला असता.

"जेवलो, मम्मी," म्हणालो.